मदत हवी आहे : उद्या सकाळी बुडाच्या किल्ल्यावर सिक्लोने जावे की बसने?

अर्धविराम (धागाकर्ता), रविवार, सायंकाळी ७.०५
नमस्कार. उद्या सकाळी आम्ही बुडापेस्टचा किल्ला पाहायला जाणार आहोत. डॅन्यूब नदीवरील साखळी पुलाच्या टोकाशी ‘सिक्लो’ नावाची रुळांवरून डोंगर चढणारी गाडी आहे, तिने वर जावे की १६ क्रमांकाच्या बसने, एवढाच माझा प्रश्न आहे. एका टेकडीवर जाण्याचे पाच मार्ग वाचून डोके भणाणले आहे आणि हॉटेलातील गृहस्थ प्रत्येक मार्गाला ‘सोपा आहे’ असेच म्हणतात. इतिहास मी वाचलेला आहे, त्यामुळे कृपया थेट उत्तर द्यावे. येथील इंटरनेट फक्त खालच्या स्वागतकक्षात चालते, म्हणून थोडी घाई आहे.

कातळवाट, ७.१२
आपण किती जण आहात, सोबत लहान मुले किंवा ज्येष्ठ आहेत का, कोठे उतरला आहात आणि हाताशी किती वेळ आहे, हे लिहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

पायवाट_पसंत, ७.१५
माझे स्पष्ट मत असे आहे की दोन्हीपैकी काहीच करू नये. पुलाच्या टोकाशी असलेल्या क्लार्क आदाम चौकातून वर जाणारी वाट झाडीतून वळणे घेत जाते आणि प्रत्येक वळणावर नदीपलीकडचे पेस्ट, म्हणजे शहराचा दुसरा अर्धा भाग, थोडे थोडे उलगडत जाते. मी ती तीन वेळा चढलो आहे आणि एकदाही पंधरा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागलेला नाही. ज्या डोंगरावर तोफा ओढून नेल्या गेल्या, तेथे आपण तिकीट काढून बसून जावे, हे मनाला पटत नाही.

अर्धविराम, ७.२१
आम्ही तिघे आहोत : मी, माझी पत्नी आणि माझी आई. स्थानकाजवळच उतरलो आहोत. तोफा ओढण्याचा विचार नाही.

कातळवाट, ७.२४
बुडापेस्टमध्ये केलेती, न्युगती आणि देली अशी तीन मोठी रेल्वे स्थानके आहेत. देली बुडाच्या बाजूला, किल्ल्याच्या पायथ्यापासून जवळ आहे. उरलेली दोन नदीपलीकडे पेस्टमध्ये आहेत. यांपैकी कोणते? आणि आईंचे वय काय?

शब्दवेल्हाळ, ७.२६
एक दुरुस्ती सुचवतो. हंगेरियन भाषेत एकट्या ‘एस’चा उच्चार ‘श’ होतो आणि ‘एस-झेड’ जोडून आल्यास ‘स’ होतो. त्यामुळे त्या गाडीचे नाव ‘शिक्लो’ असे आहे आणि शहराचे नावही तेथील लोक ‘बुडापेश्त’ असेच उच्चारतात. कोणी ‘सिक्लो कोठे आहे’ असे विचारले, तर समोरचा माणूस विचारात पडण्याची शक्यता आहे.

अर्धविराम, ७.३०
केलेती. आईचे वय ७२ असून मागच्या वर्षी तिच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. ती काठी घेऊन सपाटीवर व्यवस्थित चालते, मात्र पायऱ्या उतरताना घाबरते. हे मी आधी लिहायला हवे होते, हे मान्य आहे. रायगडावर आम्ही तिला रोपवेने नेले होते आणि येथेही तसेच जायचे, असे तिने मनाशी धरले आहे. प्रश्न पडला तो त्यामुळेच.

खिडकीजवळ, ७.३४
मग आईंचेच म्हणणे योग्य आहे. शिक्लो १८७० साली सुरू झाली आणि त्या काळी वाफेवर चालत असे. दुसऱ्या महायुद्धात ती उद्ध्वस्त झाली आणि १९८६ मध्ये पुन्हा सुरू झाली. एका दोराने जोडलेले दोन डबे असतात. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो आणि दोघे एकमेकांचा भार तोलतात. प्रत्येक डब्यात पायऱ्यांसारखे तीन कप्पे आहेत. त्यांतला सर्वांत खालचा कप्पा मिळाला, तर साखळी पूल आणि पलीकडचे सगळे पेस्ट समोर मोकळे दिसते. हा अनुभव बसच्या दांड्याला धरून उभे राहण्यात मिळत नाही.

डॅन्यूबकाठी, ७.४१
मी या शहरात सहा वर्षांपासून राहते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. वरील प्रतिसादातील वर्णन खरे आहे. परंतु तो प्रवास जेमतेम शंभर मीटरांचा आहे आणि दोन मिनिटांच्या आत संपतो. रांग मात्र गर्दीच्या दिवसांत अर्ध्या-पाऊण तासाची होऊ शकते आणि त्या रांगेत बसायला जागा नसते. शहराचा २४ किंवा ७२ तासांचा प्रवासी पास शिक्लोला चालत नाही. १६ क्रमांकाच्या बसला चालतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उद्या सोमवार आहे. काही सोमवारी शिक्लो देखभालीसाठी बंद असते, त्यामुळे आईंना तेथपर्यंत नेऊन परत फिरण्याची वेळ येऊ शकते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की वर आपल्याला नेमके काय पाहायचे आहे? राजवाड्यातील राष्ट्रीय कलादालन आणि शहराचा इतिहास सांगणारे संग्रहालय ही दोन्ही सोमवारी बंद असतात.

अर्धविराम, ७.४८
सोमवारचे माझ्या लक्षातच आले नव्हते. आईला राजवाडा आतून पाहायचा आहे : राजाराणीची दालने, पलंग, झुंबरे वगैरे. दुपारी अडीचनंतर केलेतीहून व्हिएन्नाची गाडी आहे, म्हणजे आमच्याकडे सकाळचाच वेळ आहे.

कातळवाट, ७.५३
गाडीची वेळ नवव्या प्रतिसादापर्यंत गुप्त ठेवल्याबद्दल आपले अभिनंदन.

आता राजवाड्याविषयी. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या वेढ्यात, तो जळून खाक झाला. नंतर बाहेरचा भाग पुन्हा उभारला, परंतु आतील जुनी दालने परत आणली गेली नाहीत. १९७५ पासून तेथे कलादालन आहे. अलीकडे जुन्या वैभवाची पुनर्निर्मिती हाती घेतली असून त्यात सेंट इश्तवानचे दालन २०२१ मध्ये पुन्हा साकारले आहे. व्हिएन्नातील राजवाड्यांसारखी दालनांमागून दालने येथे कोणत्याच दिवशी दिसत नाहीत. झुंबरांची हौस व्हिएन्नात पोटभर फिटेल, तेव्हा सोमवारमुळे आपले फारसे नुकसान झालेले नाही.

पायवाट_पसंत, ७.५८
गुडघ्याचे ठाऊक नव्हते, म्हणून पायी चढण्याचा सल्ला मागे घेतो. तरीही वारकेर्ट बाझारची सोय कोणी सांगितली नाही, याचे आश्चर्य वाटते. नदीकाठी, १९ आणि ४१ क्रमांकाच्या ट्रामच्या थांब्यासमोर ही जुनी देखणी इमारत आहे. तेथून सरकते जिने आणि लिफ्ट वर जातात, तिकीटही लागत नाही आणि रांगही नसते.

डॅन्यूबकाठी, ८.०४
ती सोय उत्तम आहे, पण ती टेकडीच्या दक्षिण टोकाला राजवाड्याकडे नेते आणि लिफ्टमधून बाहेर पडल्यावरही थोडे चालावे लागते. राजवाडा बंद असताना आईंना आधी त्या टोकाला नेऊन मग टेकडीवरच्या जुन्या मात्याश चर्चपर्यंत दगडी फरसबंदीवरून दहा-पंधरा मिनिटे चालवायचे कशासाठी? सोमवारी सकाळी पाहण्यासारखे जे आहे, ते चर्चच्या चौकातच आहे आणि १६ ची बस नेमकी त्या चौकात थांबते.

खिडकीजवळ, ८.०७
म्हणजे प्रवासातला सगळा आनंद बाजूला ठेवून केवळ पोहोचायचे. मग टॅक्सीच का करू नये?

डॅन्यूबकाठी, ८.१५
टॅक्सीही वाईट नाही. तिला वर जाता येते आणि आई थकल्यास परतीसाठी तो पर्याय राखून ठेवावा. बसचा तपशील असा आहे. केलेतीहून एम-२ मेट्रोने तिसऱ्या थांब्यावर, देआक चौकात उतरावे. या मार्गावरचे सरकते जिने खोल आणि वेगवान आहेत. आईंना पहिले पाऊल टाकताना हात द्यावा. बस देआक चौकातूनच सुटते, त्यामुळे तेथे बसायला जागा मिळते; पुढे क्लार्क आदाम चौकात चढणाऱ्यांना बहुधा मिळत नाही, कारण वर जाणाऱ्या या बस आकाराने लहान आहेत. बस साखळी पुलावरूनच जाते, म्हणजे तो देखावा आईंना बसल्या जागी मिळेल. ‘सेंतहारोमशाग तेर’, म्हणजे पवित्र त्रिमूर्तीचा चौक, या थांब्यावर उतरावे. पास नसेल आणि सुटे कागदी तिकीट घेतले असेल, तर ते यंत्रात ठोकून घ्यायला विसरू नये. तपासनीस पर्यटक म्हणून सोडत नाहीत.

मात्याश चर्च सकाळी नऊला उघडते. त्याच्या रंगीत कौलांपेक्षाही आतील भिंतींवरील नक्षीकाम मला अधिक आवडते. १५४१ नंतर तुर्की अमलात त्याची मशीद झाली होती आणि १८६७ साली ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योसेफ व त्याची पत्नी एलिझाबेथ यांचा हंगेरियन राज्याभिषेक याच वास्तूत झाला. राणीच्या दालनांऐवजी राणीला जेथे मुकुट चढवला ती जागा पाहिली, असे आईंना सांगता येईल. मनोऱ्याला जवळजवळ दोनशे पायऱ्या आहेत, तो विषय सोडून द्यावा.

चर्चच्या मागेच हलासबाश्त्या, म्हणजे कोळ्यांचा बुरूज आहे. दिसायला मध्ययुगीन असला, तरी तो १९०२ साली पूर्ण झाला. फ्रिद्येश शुलेक या ज्या वास्तुरचनाकाराने चर्चचा जीर्णोद्धार केला, त्यानेच बुरूजही रचला. वरच्या सज्ज्याला दिवसा तिकीट लागते. चौकाच्या पातळीवरील कमानी विनामूल्य आहेत आणि संसदभवन तेथूनही तितकेच छान दिसते, त्यामुळे काठीवाल्या माणसाने वर चढण्याचे कारण नाही.

शब्दवेल्हाळ, ८.१९
येथे भाषांतराविषयी थोडे लिहावेसे वाटते. तटाचा तो भाग सांभाळण्याचे काम मध्ययुगात मासेमारांच्या संघाकडे होते, असे सांगतात. म्हणून ‘मासेमारांचा बुरूज’ म्हणणे अधिक योग्य ठरेल. ‘कोळी’ या शब्दाने आपल्याकडे एका विशिष्ट समाजाचा बोध होतो.

कातळवाट, ८.२३
वेळ उरल्यास टेकडीच्या पश्चिम कडेने तोथ आर्पाद या नावाचा सपाट, झाडांखालचा फिरण्याचा रस्ता आहे. त्याच्या उत्तर टोकाला बुडाचा शेवटचा तुर्की पाशा अब्दुर्रहमान याचे स्मारक आहे. १६८६ मध्ये किल्ला लढवताना तो तेथेच पडला. त्याच लढाईत मरण पावलेल्या एका हंगेरियन सैनिकाच्या वंशजांनी त्याचे स्मारक उभारून त्यावर ‘तो शूर प्रतिस्पर्धी होता’ असे कोरले. माझ्या मते संपूर्ण टेकडीवर याहून मोलाचा दगड नाही, परंतु फार थोडे लोक तेथवर जातात.

अर्धविराम, ८.३१
सर्वांचे आभार. बसने जातो. आईला अजून सांगितलेले नाही.

अर्धविराम, सोमवार, दुपारी ३.४०
गाडीतून लिहीत आहे. देआक चौकात बसमध्ये तिघांनाही जागा मिळाली. पूल ओलांडताना आईला डावीकडे शिक्लोचे रूळ दिसले आणि डबे जागचे हलत नव्हते. ती बंद होती की सुरू व्हायची होती, हे कळले नाही, पण त्यानंतर आईने रायगडाचे नाव काढले नाही. चर्चमध्ये ती तासभर बसली. नंतर चौकाजवळच १८२७ पासून चालू असलेल्या रुस्वुर्मच्या दुकानात क्रेमेश नावाचा सायीच्या थराचा केक खाल्ला आणि तिने आणखी एक बांधून घ्यायला लावला. पाशाच्या स्मारकापर्यंत मी एकटाच धावत जाऊन आलो. परतताना १६ नेच सेल काल्मान चौकात उतरलो आणि तेथून एम-२ ने थेट केलेती गाठले.

खिडकीजवळ, ४.०२
म्हणजे शिक्लो चालू आहे की नाही, हे कोणी उतरून विचारलेसुद्धा नाही.