मदत हवी आहे: ज्युमो बाहुलीचं इलॅस्टिक, आणि एक संशयास्पद डोकं

नमस्कार मंडळी. मी शहापूर, बेळगावची. जुन्या पोर्सिलेन बाहुल्यांच्या हातानं घडवलेल्या प्रतिकृती जमवते. ज्युमो, ब्रू या जुन्या फ्रेंच कंपन्यांच्या अस्सल बाहुल्या खिशाबाहेरच्या. आणि मला प्रतिकृतीच जास्त आवडतात. चांगली कारागीर मानेमागं स्वतःचं नाव नि साल घालते, लपवाछपवी नाही.

ज्युमोच्या नमुन्यावरच्या एका बाहुलीचं आतलं इलॅस्टिक सैल पडलंय. डोकं बिस्क (बिनचकाकीच्या) पोर्सिलेनचं, अंग कॉम्पोझिशनचं, म्हणजे भुसा-डिंकासारख्या लगद्याचं. मान कलते, पाय लोंबतात. तूर्त जुन्या इरकली लुगड्यात गुंडाळून आडवी ठेवलीय. खडेबाजारात शिवणकामाचं चपटं इलॅस्टिक मिळतं, पण हिला गोल, वरून सुती वीण असलेलं लागतं. कोल्हापूर-हुबळीकडं कुठं मिळेल? पन्नासेक सेंटिमीटर उंचीला किती जाडीचं घ्यावं? ताण जास्त झाला तर मानेपाशी पोर्सिलेन तडकतं, म्हणून अंदाजपंचे नको. गोकाकच्या लाकडी खेळणीवाल्यांना विचारलं, त्यांचा हा प्रांत नव्हे!

दुसरं म्हणजे, एकजण 'अस्सल जर्मन' म्हणून डोकं विकतोय. मागं आर्मांड मार्सेय (बाहुल्यांची डोकी बनवणारी जुनी जर्मन कंपनी), ३९० हा साच्याचा नंबर आणि 'जर्मनी' असा छाप. १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव लागायचं, हे खरं. पण मूळ डोक्यावरून साचा काढला की छापही नव्या डोक्यावर जसाच्या तसा उठतो. फक्त भाजताना माती आकसते, त्यामुळं प्रतिकृती जराशी लहान निघते. कुणाकडं मूळ ३९० असेल तर साइज नंबर आणि डोक्याचा घेर मोजून सांगाल का? पैसे त्यानंतरच देणार आहे.