सख्खा भाऊ असला तरी पोलिसांना कळवाल?

बोरूबहाद्दर: अमेरिकेतला ‘युनाबॉम्बर’ टेड कॅझिन्स्की आठवतोय? १९७८ ते १९९५, १६ बॉम्ब, ३ मृत, २३ जखमी. सप्टेंबर १९९५मध्ये वॉशिंग्टन पोस्टने त्याचा ३५ हजार शब्दांचा जाहीरनामा छापला. धाकटा भाऊ डेव्हिड, त्याच्या बायकोला त्याआधीच दिराचा संशय आला होता. डेव्हिडने जुनी पत्रं काढून ताडून पाहिली. ‘थंड डोक्याचे तर्कपंडित’ अशा अर्थाचा टेडचा ठेवणीतला शब्दप्रयोग जाहीरनाम्यातही होता. वकिलामार्फत एफबीआयला कळवलं. ३ एप्रिल १९९६ला मोंटानातल्या खोपटात टेड सापडला. माझं मत स्पष्ट आहे, कळवायलाच हवं. पुढचा बॉम्ब कुणाच्या हातात फुटला असता?

कट्टेकरी: अर्धीच गोष्ट सांगितलीत. नाव गुप्त ठेवू म्हणाले होते, ते फुटलंच. वर सरकारी वकिलांनी त्याच भावासाठी फाशी मागितली! ती टळली, जन्मठेप झाली. डेव्हिड पत्रं लिहीत राहिला, टेडने उत्तर दिलं नाही. २०२३ला टेड तुरुंगातच वारला. आणि तिथे माणसं मेली होती. आपल्या घरातला पोरगा नुसता बडबडत असेल तर?

सांजवारा: तेव्हाच तर कळवायचं! २०१५ला पुण्यात १६ वर्षांची मुलगी आयसिसच्या नादी लागली होती. एटीएसने अटक नाही केली, समुपदेशन केलं.

कट्टेकरी: ती अल्पवयीन होती हो. २०१४ला कल्याणहून इराकला गेलेल्या पोराच्या बापाने स्वतः यंत्रणांशी संपर्क साधला, पोरगा परत आला, थेट अटक. जामिनावर सुटायला २०२१ उजाडलं.

सांजवारा: पण जिवंत आला ना?

घाटवाट: पुस्तकी चर्चा चाललीय म्हणून लिहितो. माझा आत्तेभाऊ, वय २४. परवा गणपतीत आरतीला उठला नाही, ताटातला मोदक तसाच, डोळे फोनवर. धर्मरक्षणाचा कुठलासा ग्रुप. मी मागून पाहिलं तर आमच्याच नाक्यावरच्या दुकानाचा फोटो, खाली शटर कधी पडतं त्याची वेळ. आतोबांना सांगितलं. त्यांनी फोन काढून घेतला, त्याने दुसरा आणला. आत्या म्हणते, पोलिसांत गेलास तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. वकील गाठू म्हणतोय, डेव्हिडसारखा.

बोरूबहाद्दर: वकील गाठाच, पण उद्या नको, आजच. आणि त्या दुकानदाराला सांगितलंत का?

घाटवाट: नाही. सकाळी दूध त्याच्याकडूनच आणलं.