सर्व्हिसिंगनंतर वॉटर सोर्स हीट पंप सारखा लॉकआउट होतोय – मदत हवी आहे (तातडीने)

घामाघूम
गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या सगळ्या युनिट्सचं (खोलीतली उष्णता पाइपमधून फिरणाऱ्या पाण्यात सोडणारे एसी) रुटीन सर्व्हिसिंग केलं. तेव्हापासून मीटिंग रूमचं युनिट वीस मिनिटं चालतं आणि लॉकआउट, म्हणजे आपोआप बंद पडून अडून बसतं. ब्रेकर पाडून चढवला की परत वीस मिनिटं. त्याआधी वर्षभर एकदाही अडलं नव्हतं. फिल्टर नवा आहे, तेव्हा "फिल्टर बघा" लिहू नका. सगळे माझ्या नावाने खडे फोडतायत. लवकर सांगा.

तिरकस
फिल्टर बघा.
(माफ करा, राहवलं नाही.)

पानापक्कड
कूलिंगमध्ये की हीटिंगमध्ये? आणि लॉकआउट गॅसच्या हाय प्रेशरवर की लो प्रेशरवर? फिल्टर तुंबला तर कूलिंगमध्ये हवेच्या कॉइलवर बर्फ धरून लो प्रेशर येतं, हीटिंगमध्ये तीच कॉइल कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर सोडणारी) होते आणि हाय प्रेशर येतं. मोड माहीत नसेल तर आम्ही फक्त अंदाजपंचे बोलणार.

घामाघूम
कूलिंगच, उगीच का घाम येतोय! हाय प्रेशर.

जुनाजाणता
मग विषय संपला. पाण्याच्या कॉइलमध्ये क्षार धरलेत. डिस्केलिंग करा. संडास साफ करायचं ॲसिड पातळ करून तासभर फिरवलं की चकाचक. मी वर्षानुवर्षं हेच करतोय.

पानापक्कड
कृपा करून ते ॲसिड घालू नका! आत तांब्याची नळी असते आणि तिच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गॅस. नळीला भोक पडलं की पाणी गॅसमध्ये शिरून कॉम्प्रेसरच जातो. डिस्केलिंग करायचंच तर इनहिबिटर (धातू खाऊ न देणारा घटक) असलेलं रसायन वापरा, युनिटचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून.

जुनाजाणता
माझ्या एकाही कॉइलला आजवर भोक पडलेलं नाही. पुस्तकी ज्ञान वेगळं असतं.

शंकेखोर
पाण्याचा लूप बंदिस्त आहे का? बंद लूपमध्ये तेच पाणी फिरत राहतं, मग एवढे क्षार येणार कुठून? कूलिंग टॉवरचं उघडं पाणी थेट युनिटमधून जात असेल तर गोष्ट वेगळी. आणि बाकीच्या युनिट्सचं काय?

घामाघूम
बंद लूप. एकूण १४ युनिट्स, १३ उत्तम चालतायत. हे लिहायला हवं होतं का?

शंकेखोर
हो!!

थंडाथंडा
गॅस कमी झाला असणार. टॉप-अप करून घ्या, दोन दिवसांपूर्वी माझ्या स्प्लिट एसीचं तसंच झालं.

पानापक्कड
गॅस कमी झाला तर लो प्रेशरवर अडतं हो, इथे उलट आहे. आणि ऊठसूट गेज लावू नका. या युनिट्समध्ये गॅस मोजून मापून भरलेला असतो, दर वेळी गेज काढता-लावताना थोडा निसटतोच. आधी पाण्याचं तापमान घ्या. पाइपवर प्रोब खुपसायचे पोर्ट असतील. आत जाणारं किती, बाहेर येणारं किती? युनिट चालू असताना.

नवखी
अवांतर: अंघोळीच्या पाण्यासाठी हीट पंप घ्यावा की सोलर?

तिरकस
नवा धागा काढा, नाहीतर इथे सोलरवाले येतील.

घामाघूम
आत २९, बाहेर ४१.

पानापक्कड
१२ अंशांचा फरक! कूलिंगमध्ये ५-६ असायला हवा. टनामागे मिनिटाला साधारण ११ लिटर पाणी लागतं, तुमच्याकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास जातंय. नुसते क्षार धरले असते तर उष्णता पाण्यात नीट उतरली नसती आणि फरक एवढा वाढला नसता. सर्व्हिसिंगमध्ये स्ट्रेनर (पाण्याची गाळणी) काढला होता?

घामाघूम
काढला, धुतला, बसवला. ते रुटीनच असतं म्हणून लिहिलं नाही. व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत, आताच परत पाहिलं.

जुनाजाणता
क्षारांनी नळी आवळली की पाणीही कमी जातं. माझं म्हणणं कायम आहे.

शंकेखोर
आठवड्याभरात? सर्व्हिसिंगच्या आधी ठणठणीत होतं असं ते म्हणतायत ना.
घामाघूम, तिथे बसवताना युनिट जागचं हललं होतं का? पॅनेल काढायला पुढे ओढलं वगैरे? मागच्या जाळीदार होजला मुरड पडली तर हेच होतं.

घामाघूम
हो, ओढलं होतं. फक्त या एकाला, कारण पुढ्यात खांब आहे. बघतो.

घामाघूम
सापडलं. रिटर्नची होज भिंत आणि युनिटमध्ये चेपून चपटी झाली होती. युनिट बोटभर पुढे घेतलं, आता आत २९, बाहेर ३५. दीड तास झाला, चालू आहे. शंकेखोर आणि पानापक्कड, दंडवत.

पानापक्कड
ती होज बदलून टाका. एकदा मुरड पडलेली होज तिथेच परत दबते.

जुनाजाणता
होज बदलताना व्हॉल्व्ह बंद करणारच आहात, त्याच वेळी डिस्केलिंग उरकून घ्या.

नवखी
धागा काढला. कुणीच येईना.