क्रोटनचा मायलो: खरं किती, भाकड किती?

कसरतवेडा
प्राचीन ग्रीक पैलवान मायलो (दक्षिण इटलीतल्या क्रोटन या ग्रीक वसाहतीचा) रोज वासरू खांद्यावर घेऊन चालायचा, वासराचा बैल झाला तशी याची ताकद वाढली, हे व्यायामावरच्या प्रत्येक लेखात येतं. त्याच्याबद्दल भरवशाचं काय आहे? आणि तोच हिशेब बारबेलला (दोन टोकांना वजनं लावलेल्या दांड्याला) लावला तर कुठवर चालतो?

जुनीपोथी
भरवशाची आहे ती त्याची कुस्ती. ऑलिम्पियात इ.स.पू. 540 ला कुमार गटात पहिला, मग 532 ते 516 सलग पाच वेळा मोठ्यांत. शिवाय इतर मोठ्या ग्रीक स्पर्धांत डेल्फीला 7, इस्थमियाला 10 आणि नेमियाला 9 विजय. वजनगट नव्हते, जोड्या चिठ्ठ्या टाकून लागायच्या आणि तीनदा पाडलं की निकाल. अशा आखाड्यात चोवीस वर्षं टिकणंच अचाट आहे, त्याला बैलाची जोड कशाला हवी? शेवटी त्याला अडवलं ते त्याच्याच गावच्या तरण्या टिमासिथियसने. त्याने मायलोला अंगाला अंग भिडवूच दिलं नाही.

काळाने सगळ्यात जवळचा लेखक म्हणजे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस. तो सांगतो ते असं: वैद्य डेमोसिडीस इराणच्या दरबारातून निसटून क्रोटनला परतला आणि त्याने मायलोच्या मुलीशी सोयरीक जमवली. ते सम्राट दारियसला सांगा, असा निरोपही धाडला, कारण त्या दरबारात मायलोचं नाव मोठं होतं. इ.स.पू. 510 मध्ये सिबॅरिस या शेजारच्या शत्रू शहरावर मायलो सिंहाचं कातडं पांघरून, हातात सोटा घेऊन चालून गेला, हे मात्र इतिहासकार डायोडोरसने साडेचारशे वर्षांनी लिहिलंय. वासराची गोष्ट रोमन लेखक क्विंटिलियनकडे येते, म्हणजे सहाशे वर्षांनी.

लोखंडी
बारबेलचं सांगतो. जन्मतः वासरू साधारण 35 किलोचं. रोज 700 ग्रॅम वाढलं तरी वर्षात 290 किलोच्या आसपास जातं. आठवड्याला जवळपास 5 किलोची ही भर कोणाचंही शरीर वर्षभर सोसत नाही. नवख्याला स्क्वॉटमध्ये (खांद्यावर बारबेल घेऊन बैठक) आठवड्याला अडीच किलो काही महिने जमतं, खांद्याच्या प्रेसमध्ये (बारबेल डोक्यावर ढकलणं) त्याच्या निम्मंही लवकर अडतं. स्नायू आधी तयार होतात, कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) मागे राहतात. म्हणून गुडघा किंवा कोपर दुखायला लागतं ते नेमकं वजन झपाट्याने चढत असताना.

अडलं की वजन रेटू नका. तीन आठवडे चढवा, चौथ्यात साठ टक्क्यांवर उतरा, सेटही कमी करा. पुढची फेरी मागच्या शिखरापेक्षा थोड्याच वर न्या. त्यासाठी अर्ध्या किलोच्या प्लेट जवळ हव्यात. ठरलेल्या पाच आवर्तनांतली शेवटची दोन वाकड्या पाठीने होत असतील तर ते वजन पेललं असं धरू नका. वासराला हा ब्रेक नसतो, ते आपलं वाढतच जातं.

कसरतवेडा
म्हणजे तत्त्व बरोबर, वेग चुकीचा. आणि त्याचा तो खुराक?

जुनीपोथी
ग्रीक लेखक अथेनियसच्या मते रोज 20 मिना मांस, तितकीच भाकरी आणि तीन खोस दारू. आजच्या मापात साडेआठ किलो मांस, साडेआठ किलो भाकरी, जवळपास दहा लिटर दारू. चाळीस हजार कॅलरीच्या वरच जातं हे, विश्वास ठेवू नका. चार वर्षांचा बैल खांद्यावर घेऊन मैदानभर फिरवून एका दिवसात फस्त केला, हेही त्याच्याकडचंच.

खरा जडपणा बघायचा तर ऑलिम्पियाचा बिबोनचा दगड बघा. वालुकाश्म, 143.5 किलो, त्याच सहाव्या शतकातला. बिबोनने एका हाताने डोक्यावरून फेकला, असं त्यावर कोरलंय. दगड खरा, दाव्याचं ज्याने त्याने ठरवावं.

लोखंडी
मायलोच्या मृत्यूची गोष्ट राहिली. पाचरी ठोकलेला ओंडका हातांनी फाडायला गेला, पाचरी निसटल्या, फट मिटली, हात अडकले आणि लांडग्यांनी खाल्लं. ओल्या लाकडात असं होऊ शकतं, कारण तंतू पूर्ण तुटलेले नसतात आणि पाचर गेली की दोन्ही फाका परत जवळ येतात.

जुनीपोथी
प्रवासवर्णनकार पौसानियस आणि भूगोलकार स्ट्रॅबो, दोघांकडेही आहे ही गोष्ट. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या, फ्रेंच शिल्पकार प्युजेच्या 1682 च्या संगमरवरी पुतळ्यात मात्र लांडग्यांच्या जागी सिंह आहे, त्यामुळे चित्रं बघून बरेच जण सिंहच सांगतात.