‘शव्होशे’ला मराठीत काय म्हणावं? स्वारी, मुलूखगिरी की मोहीम?

प्रश्न : इंग्लंड-फ्रान्सच्या शतवर्षीय युद्धाबद्दल वाचताना ‘शव्होशे’ (शत्रूच्या मुलखात घोडदळाने जाळपोळ, लूट करत जाणं) हा फ्रेंच शब्द सारखा येतो. ‘विजयमोहीम’ चालेल का?

प्रतिसाद : नाही. विजयमोहीम म्हटलं की मुलूख ताब्यात आला असं वाटतं. १३५५ च्या ऑक्टोबरात इंग्लंडचा युवराज एडवर्ड (ब्लॅक प्रिन्स) दक्षिण फ्रान्समधल्या बोर्दोहून निघाला, लांगदोक प्रांतातून नारबोनपर्यंत जाळपोळ करत गेला आणि डिसेंबरात परतला. वाटेतल्या कार्कासोन शहरात त्याने नदीअलीकडची खालची वस्ती जाळली. वरच्या तटबंद शहराला हातही लावला नाही. लूट अफाट, ठाणं एकही नाही. ‘स्वारी’ म्हणा. शव्होशेच्या मुळाशी घोडा आहे, स्वारीच्या मुळाशी घोडेस्वार.

प्रतिसाद : ‘मुलूखगिरी’ का नको? मूळ अर्थ मुलूख घेणं, पण रूढ अर्थ परमुलखात घुसून लूट आणि खंडणी वसूल करणं असाच आहे.

प्रतिसाद : खंडणीपाशी अडतं. याच कार्कासोनने अडीच लाख सोन्याची नाणी देऊ केली होती, ती युवराजाने नाकारली. फ्रेंच राजाला आपल्या रयतेचं रक्षण करता येत नाही हे दाखवणं हाही त्याचा हेतू होता. गावोगाव ठरवून खंडणी घेत ते गढ्यांतले शिबंदीवाले. त्या वसुलीला ‘पाती’ हा वेगळाच शब्द आहे.

प्रश्न : मग मुलूख खरोखर जिंकला, तर काय लिहायचं?

प्रतिसाद : ‘ठाणी बसवली’, ‘अंमल बसवला’. ‘जिंकला’ हा शब्द मी लढाईपुरता ठेवीन. क्रेसीची लढाई इंग्रजांनी १३४६ च्या ऑगस्टमध्ये एका दिवसात जिंकली. त्यानंतर एकट्या कॅले बंदराला अकरा महिने वेढा घालून बसावं लागलं. चालत्या फौजेला रोज नवं गाव, नवी वैरण मिळते. वेढ्यातली फौज एका जागी बसते. घोड्याला दिवसाला चारपाच किलो दाणा धरला, तर हजार घोड्यांना चारपाच टन, शिवाय गवत वेगळं. आसपासचा दाणागोटा संपला की रसद लांबून आणायची, त्यात छावणीत हगवण. १४१५ मध्ये फ्रान्समधल्या हार्फ्लरच्या जेमतेम पाच आठवड्यांच्या वेढ्यात इंग्लंडच्या राजा पाचव्या हेन्रीची फौज अशीच खंगली. सरंजामी चाकरीची मुदत बऱ्याच ठिकाणी चाळीस दिवसांची. पुढे पगार मोजा. आणि गढी घेतली की तिथे शिबंदी ठेवा, म्हणजे मैदानातली फौज तेवढी कमी.

प्रतिसाद : तरी हेन्रीने १४१७ नंतर नॉर्मंडी घेतलीच की.

प्रतिसाद : घेतली, एकेक गढी करत. तिथलं मुख्य शहर रूआँ पडायलाच सहा महिने गेले. तिथे ‘नॉर्मंडी सर केली’ शोभतं. १०६६ चं इंग्लंड निराळं : दगडी किल्ले जवळजवळ नव्हतेच, आणि हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंडचा राजा हॅरल्ड आणि त्याचे दोन भाऊ एकाच दिवशी पडले. तरीही जिंकणाऱ्या नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमला उत्तरेत अंमल बसवायला आणखी काही वर्षं लागली, म्हणून ‘१०६६ साली इंग्लंड जिंकलं’ हे वाक्य मला सैल वाटतं.

प्रश्न : म्हणजे १३५५ साठी ‘युवराजाची लांगदोकवरची स्वारी’?

प्रतिसाद : ‘लांगदोकवरची’ ठीक. ‘लांगदोकचा विजय’ मात्र खोडा.