मदत हवी आहे: विमान १२.२५ ला, घरून कधी निघू?

केतकी_०७: आई-बाबा येतायत. विमान रात्री १२.२५ ला पोहोचतं. गाडीने तासभर लागतो. किती वाजता निघू? उगाच जाऊन ताटकळायचं नाही, आणि त्यांना बाहेर उभं राहावं लागलेलंही नको. लवकर सांगा, आजच जायचंय.

रानवारा: देशातलं विमान की परदेशातून? चेक-इन सामान आहे का? त्याशिवाय काय सांगणार?

केतकी_०७: परदेशातून. सामान आहेच.

शिरीष_द: १२.२५ ही विमान गेटला लागायची वेळ असते, चाकं टेकायची नव्हे. पुढे इमिग्रेशन, सामानाचा पट्टा, कस्टम. सगळं मिळून तास धरा. विमान टेकलं की घरून निघा. मी नेहमी असंच करतो.

मनवा: सरसकट तास कसा धरता? दोन-तीन मोठी विमानं एकदम उतरली की रांग हलत नाही. ई-गेट (पासपोर्ट आपोआप तपासणारं दार) असेल तर माणूस वीस मिनिटांत पार.

शिरीष_द: माणूस पार, पण बॅगा? पट्ट्यापाशी थांबणारच ना!

जुनाप्रवासी: आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी पोहोचावं. वेब चेक-इन उरकून ठेवा, पासपोर्ट हातातल्या पिशवीत.

रानवारा: काका, त्या आणायला निघाल्यात, सोडायला नाही.

जुनाप्रवासी: परतीच्या वेळी उपयोगी पडेल.

मनवा: केतकी, व्हीलचेअर सांगितलीय का?

केतकी_०७: हो, आईसाठी. त्याचा काय संबंध?

मनवा: खूप संबंध आहे. व्हीलचेअरवाल्यांना सहसा सगळ्यात शेवटी उतरवतात. सासूबाईंना तर अख्खं विमान रिकामं झालं, सफाईवाले आत आले, तरी खुर्चीची वाट बघत बसावं लागलं. पण पुढे मदतनिसाने वेगळ्या रांगेतून नेलं, बॅगाही त्यानेच पट्ट्यावरून काढल्या.

अवि_क: फ्लाइटरडार२४ वर बघत राहा, विमान कुठवर आलंय ते नकाशावर ठिपक्याने दिसतं. मागून जोराचा वारा मिळाला की विमान बरंच आधी येतं. तिकीट कोडशेअर (एका कंपनीचं तिकीट, दुसरीचं विमान) असेल तर विमान प्रत्यक्षात ज्या कंपनीचं आहे तिचा नंबर टाका. समुद्रावर ठिपका अंदाजाने पुढे सरकतो, तेव्हा तिथे त्यावर विसंबू नका.

रानवारा: तिकिटावर तारीख कुठली? १४ असेल तर १३ ची रात्र.

केतकी_०७: माहीत आहे. आज १३ च.

शिरीष_द: मग जवळच्या थांब्यावर गाडीत बसा, बॅगा मिळाल्या की त्यांना फोन करू दे. दारापर्यंत दोन मिनिटं.

केतकी_०७: त्यांचं सिम इथे चालत नाही.

मनवा: हे आधी सांगायचं ना! विमानतळाच्या वायफायलाही कित्येक ठिकाणी फोनवर ओटीपी लागतो. फोनची वाट बघूच नका. गाडी पार्किंगला लावून आगमनाच्या दारापाशी उभ्या राहा. पाऊणच्या आत पोहोचा, कारण लवकर सुटले तर कळवायला साधन नाही. आणि ते विमानात बसायच्या आत निरोप द्या: दारातून बाहेर पडून कुठेही जायचं नाही.

शिरीष_द: पार्किंगचे पैसे फुकट जातील. तासभर कोणी बाहेर येत नाही.

मनवा: जाऊ देत. वयस्कर माणसं आहेत, रात्रीची वेळ आहे.

केतकी_०७: बाबांना निरोप पोहोचला. साडेअकराला निघते.

रानवारा: टर्मिनल कुठलं ते बघितलंत ना?