मदत हवी आहे : सॉकेटवर अडकलेला जावा थ्रेड कसा थांबवावा?

नमस्कार. महाप्यातील आमच्या कार्यालयात वजनकाट्यांचे आकडे सॉकेटवरून (नेटवर्कवरच्या जोडणीतून) वाचणारा जावा प्रोग्राम चालतो. तो बंद करताना इंटरप्ट (थांबण्याची सूचना) पाठवला की स्लीपमधला, म्हणजे ठरावीक वेळ झोपवलेला, थ्रेड (प्रोग्राममधील कामाचा स्वतंत्र धागा) इंटरप्टेड एक्सेप्शन (व्यत्ययाची त्रुटी) देऊन लगेच बाहेर पडतो, परंतु सॉकेटच्या रीडमध्ये (डेटा येण्याची वाट पाहत) थांबलेला थ्रेड जागचा हलत नाही; त्याचा फक्त फ्लॅग (इंटरप्ट आल्याची खूण) बदलतो. थ्रेड जबरदस्तीने थांबवणारी स्टॉप ही मेथड जावा २० पासून चालतच नाही, आणि ते योग्यच आहे, कारण तिच्यामुळे डेटा अर्धवट बदललेला असतानाच लॉक (इतर थ्रेडनी त्या डेटाला हात लावू नये म्हणून घातलेले कुलूप) सुटत असे. दुसऱ्या थ्रेडमधून सॉकेट बंद केल्यास रीड सुटते, पण अर्धी आलेली नोंद हातची जाते, आणि आम्हाला एकही नोंद गमावून चालणार नाही. अशा वेळी रीडला टाइमआउट (वाट पाहण्याची कमाल मुदत) लावून दर फेरीला फ्लॅग तपासणे अधिक सुरक्षित ठरेल का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.